हजर मुलींचा अहवाल

"तुम्ही खोटं मोजता, साहेब," वर्षाली म्हणाली.

किशोरी गटाची तपासणी करायला शहरातून आलेल्या साहेबांनी मघाशी विचारलं होतं, "लग्न अठरा झाल्यावरच करणार ना?" गट चालवणाऱ्या ताईंकडं बघत, तिच्यासकट बाराही मुलींनी हात वर केले होते. साहेबांनी शंभर टक्के लिहून टाकलं होतं.

"गेल्या साली आम्ही वीस होतो. आठ जणी उजवल्या, माझी चुलतबहीण तर चौदाची. त्यांना कोण विचारणार?"

साहेब हसले. "गट सोडलेल्या मुली मोजत नाहीत, बाळ. नियम आहे."

"वर्षाली, खाली बस," ताई दबक्या आवाजात म्हणाल्या.

ती बसली नाही. "रविवारी माझी हळद आहे. ताईंनाही आवतण आहे. पुढच्या तपासणीला मी नसेन, साहेब. तेव्हाही शंभर टक्केच लिहाल का? सांगा."