निरीक्षकबाई

किनारी आरोग्य संघाला जागतिक आरोग्य मंडळाच्या बैठकीत निरीक्षकाचा दर्जा मिळाला, तेव्हा संघातर्फे बैठकीला जाणाऱ्या डॉक्टर शर्वाणी खातूंचा गुहागरात सत्कार झाला. निरीक्षक म्हणजे तपासणी करणारा मोठा साहेब, असंच सगळे समजले.

बैठकीच्या दारात शर्वाणींच्या गळ्यावर एक चकती चिकटवली गेली. निरीक्षकाने फक्त बघायचं, म्हणून त्याचा आवाज ती गळ्यातच अडवायची.

"खाडीताप संपलाय. लस बंद करायला कुणाची हरकत?" अध्यक्षांनी विचारलं.

शर्वाणींचा वॉर्ड खाडीतापाने भरलेला होता. त्या ताडकन उभ्या राहून ओरडल्या. नुसते ओठ हलले.

"एकमताने मंजूर."

बाहेर येताच वॉर्डातल्या सिस्टरचा फोन आला. "लशीच्या रांगेतले सगळे घरी गेले, मॅडम. म्हणाले, टीव्हीवर निरीक्षकबाई स्वतः उभ्या राहिल्या, म्हणजे तपासूनच बंद केली असणार."