चार क्लिक

दहाही छर्रे एकाच भोकातून गेले आणि बाप डोक्याला हात लावून बसला.

एरवी तो नाचला असता. दुपारपासून तो छर्रे पारखत होता. दुकान बोळासारखं लांबट, शिलाई मशीन दुरुस्तीचं. या टोकाच्या बाकापासून त्या टोकाच्या भिंतीपर्यंत बरोबर दहा मीटर. लेकीचं नेमबाजीचं पिस्तूल बाकावरच्या शिकंज्यात आवळायचं, साइटमधून म्हणजे नळीवरच्या खाचेतून बघून नेम बरोबर मध्यावर धरायचा, एकेका डबीतले दहा-दहा छर्रे मारायचे आणि कागद बघायचा. पहिल्या डबीनं चाळणी केली. दुसरी बरी. तिसरीनं मात्र दहा छर्‍यांचं एकच भोक पाडलं. उद्या सकाळी लेक संघाबरोबर मोठ्या स्पर्धेला निघणार होती, तिच्यासाठी हीच डबी.

पण नेम मध्यावर होता आणि भोक पडलं होतं मध्यापासून एक वर्तुळ उजवीकडे. बापाला त्याचं आश्चर्य वाटलं नाही. ते पाप त्याचंच होतं.

सहा महिन्यांपूर्वीची गोष्ट. लेक तीन स्पर्धा ओळीनं हरली. प्रत्येक कागदावर छर्रे डावीकडे झुकलेले. घोडा ओढताना तिचं बोट हिसका द्यायचं. घरी येऊन ती ढसाढसा रडली. "माझ्या हातातच खोट आहे, बाबा. उद्यापासून जात नाही." बापाला ते बघवेना. ती झोपायला गेल्यावर त्यानं बारीक पेचकस घेतला आणि स्क्रू फिरवून मागची साइट उजवीकडे चार क्लिक सरकवली. बस्स, चार! दुसर्‍या दिवशी छर्रे मध्यावर. पोरगी उड्या मारत घरी आली आणि बापाला आभाळ ठेंगणं झालं.

खरं तर तिच्या उस्तादांचा पहिलाच धडा होता, बोटाचं दुखणं साइटला सांगायचं नाही. बापाला तो पाठ होता. रोज वाटे, आज सांगू. पण लेक जिंकत चालली. आधी शाळेत, मग शहरात, आता थेट संघात. सांगायचं कसं? वाघावर बसणं सोपं असतं हो, उतरताना कळतं! मग तो रोज संध्याकाळी पिस्तूल पुसायचा, साइट जिथल्या तिथं आहे ना बघायचा आणि गप्प बसायचा. सरावाला मात्र ती त्याला येऊ द्यायची नाही. "तुम्ही मागं उभे राहिलात की माझा हात हलतो," म्हणायची. साइटच्या स्क्रूवर तिनं नेलपॉलिशचा एक लाल ठिपका दिला होता. पोरी काय, पिस्तुलालाही नटवतील, म्हणून त्यानं तेही चालवून घेतलं.

आता मात्र गळ्याशी आलं होतं. स्पर्धेच्या गावी संघाचा मेकॅनिक प्रत्येक पिस्तूल शिकंज्यात लावणार, साइट सरळ करणार. बापाला तिथं आत सोडणार नाहीत. आणि ही बिचारी सगळ्यांच्या देखत डावीकडे मारत राहणार, का ते न कळता. आपल्या मायेनंच पोरीचा घात केला, असं त्याला वाटलं.

"झालं का हो तुमचं?" आतून बायको ओरडली. "की आज त्या पिस्तुलालाच जेवायला वाढू?"

तेवढ्यात लेक दुकानात आली. नाव टिल्ली, पण आता उंचीनं बापाच्या डोक्यावरून गेलेली. तिनं भिंतीवरचा कागद काढला आणि उजेडात धरला.

"अगं बाई, दहांचं एकच भोक! हीच डबी न्यायची, बाबा."

"टिल्ले, बस जरा. भोक कुठं पडलंय ते बघ."

"उजवीकडे."

"का, ते विचार."

तिनं विचारलं नाही. मग त्यानंच सगळं सांगितलं. मान खाली घालून, स्टुलाच्या पायाशी बोलावं तसं. तिचं रडणं, पेचकस, चार क्लिक, तिच्या तोंडावरचा आनंद. "तुझं मन मोडू नये म्हणून केलं गं. सहा महिने तुला खोटं जिंकवलं. आता तू जायला नाही म्हणालीस तर मी उस्तादांना फोन करतो, दोष माझा म्हणून सांगतो."

लेकीनं शिकंजा सैल केला, पिस्तूल हातात घेतलं आणि बाकावरचा पेचकस उचलला. स्क्रूकडे न बघताच तिनं तो फिरवला. टक, टक, टक, टक. मग पिस्तूल पुन्हा आवळलं, नेम मध्यावर धरला आणि एक छर्रा मारला. भोक बरोबर मध्यावर पडलं.

"न बघता?" बाप म्हणाला. "किती क्लिक ते मोजलंसुद्धा नाहीस."

"रोजची सवय आहे. आठव्या दिवशीच कळलं मला. घोडा नीट ओढला की छर्रा उजवीकडे जायचा. तेव्हा कळलं, खोट हातात नाही, बोटात आहे. बोट सुधारता येतं. त्या दिवसापासून रेंजवर गेले की पहिल्यांदा साइट सरळ करते, मग सराव. स्पर्धेतसुद्धा."

बापाला काही केल्या हिशोब लागेना. "अगं, पण मी रोज संध्याकाळी बघतो. साइट जिथल्या तिथं असते!"

टिल्लीनं त्या लाल ठिपक्यावरून अंगठा फिरवला.

"घरी येताना ठिपक्यावर परत आणून ठेवत होते, बाबा. तुमचं मन मोडू नये म्हणून."