जिन्यापासून तिसरी

“म्हणजे चोराने टेबलसुद्धा नेलं?” विमा कंपनीच्या साहेबांनी विचारलं.

“टेबल, खुर्ची, फळ्या, भिंगं, चिमटे. आणि एकेचाळीस घड्याळं,” घड्याळजी म्हणाले. “पाणी प्यायचा पेलासुद्धा ठेवला नाही मेल्याने.”

दोघंही उभे होते, कारण बसायला काही नव्हतंच. चार पांढऱ्या भिंती, एक खिडकी आणि तिच्यातून जमिनीवर पडलेली उन्हाची चौकट, एवढाच काय तो ऐवज.

घड्याळजींची मती सकाळपासून गुंग झाली होती. काल संध्याकाळी सगळ्या घड्याळांना चावी देऊन ते घरी गेले होते. आज दार उघडलं तर आत नुसती हवा. आल्या पावली ते चौकीत गेले, चौकीतून विमा कंपनीत. तिथल्या बाकावर दोन तास काढले आणि आत्ता कुठे, बाराला वीस मिनिटं असताना, साहेबांना घेऊन परत आले. पुढच्या जिन्याला आज रंग लावत होते. म्हणून या वयात मागचा उभा जिना दोनदा चढावा लागला, ते वेगळंच.

“विमा कधी उतरवलात?”

“पाच दिवस झाले. जागाच पाच दिवसांपूर्वी घेतली ना.”

साहेब ‘हं’ म्हणाले. त्या ‘हं’मध्ये बरंच काही होतं.

विमा बायकोच्या हट्टाने उतरवला होता. “राखणारा वर बसलाय की,” घड्याळजी म्हणाले होते. “त्याला काय तुमच्या एकट्याच्याच घड्याळांची राखण आहे?” असं म्हणून तिने अर्ज पुढ्यात सरकवला होता. एकेचाळीसांतली चौतीस घड्याळं लोकांची, विश्वासाने दुरुस्तीला दिलेली. भरपाई मिळाली नाही, तर कुठल्या तोंडाने कुणाला काय सांगायचं? चाळीस वर्षांचं नाव एका सकाळीत जायचं.

साहेबांनी कागदावर आराखडा काढला. “सहा खोल्यांची ओळ. दोन्ही टोकांना जिने. तुमची कितवी?”

“जिन्यापासून तिसरी. दारांवर अजून नंबर कुठे घातलेत? मला चार हातांपलीकडचं धड दिसत नाही. मी आपला मोजत येतो.”

“पॉलिसीतही तेच लिहिलंय. कुलूप कुणाचं?”

“मालकाने दिलेलं. सगळ्या खोल्यांना असलंच. किल्ल्या तेवढ्या वेगळ्या.”

साहेब उकिडवे बसले आणि जमीन न्याहाळू लागले. “पाच दिवस इथे टेबल होतं ना? मग धुळीत त्याच्या पायांची खूण कशी नाही?”

घड्याळजी वाकले. खरंच नव्हती.

“चोराने झाडून घेतलं असेल,” ते चाचरत म्हणाले.

“आणि धूळ जागेवर ठेवली?”

घड्याळजींनी धुळीवर बोट ओढून पाहिलं. घड्याळं आपल्याकडे होती हेच स्वप्न नव्हतं ना, असंही त्यांच्या मनात येऊन गेलं.

“काका, राग मानू नका,” साहेब हळूच म्हणाले. “सामान इथे कधी आलंच नव्हतं, असं माझे वरिष्ठ म्हणतील.”

“आलं नव्हतं कसं? काल दुपारी म्हातारीने या खोलीत डोकं उठवलं होतं माझं.”

“कोण म्हातारी?”

“घड्याळ हो. शाळेतलं. बाकीची वाजून गप्प झाली की ही बाई सावकाश तोंड उघडते, आणि बाराला तेरा ठोके देते. तिची खोड तेवढी काढायची राहिली होती.”

साहेबांना हसू आलं. ते दाराशी गेले आणि कुलूप हातात घेऊन भिंगातून पाहू लागले. बघता बघता त्यांचा चेहरा उजळला.

“काका, इथे ओरखडे आहेत. ताजे. भोकात बारीक हत्यार घातलंय कुणीतरी. बळजबरीची खूण. हिच्याशिवाय भरपाई मिळत नाही बघा.” त्यांनी भराभर लिहायला घेतलं. “धुळीचं मी सांभाळून घेतो.”

घड्याळजींचा हात नकळत खिशाकडे गेला.

सकाळी किल्ली फिरेना. तेल सोडून झालं, हलवून झालं. शेवटी त्यांनी खिशातला, स्प्रिंगा काढायचा आकडा घातला. मुरलेला हात. दोन मिनिटांत खटका सरकला.

आता नुसतं गप्प बसायचं होतं. खोटं बोलायचीही गरज नव्हती. पण वर बसलेल्याला गप्प बसलेलंही ऐकू जातं, त्याला काय करायचं?

“साहेब, खोडा ते,” घड्याळजी म्हणाले. “ओरखडे माझे आहेत. कुलूप मी उघडलं. या आकड्याने.”

साहेबांचं पेन थांबलं. “काय बोलताय कळतंय ना? मग भरपाई विसरा.”

“कळतंय.”

“तर मग लिहून द्या. सहीनिशी.”

घड्याळजींनी लिहिलं, ‘हे कुलूप आज सकाळी मी स्वतः आकड्याने उघडले.’ सही केली आणि छातीवरचा धोंडा उतरला. साहेबांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली.

तेवढ्यात भिंतीपलीकडे काहीतरी खरखरलं. एक ठोका पडला. मग दुसऱ्या घड्याळाचा, मग दहांचा, मग सगळ्यांचा एकदम. भिंत दणाणली. सगळी शांत झाल्यावर एक घोगरं घड्याळ सावकाश सुरू झालं. घड्याळजी भिंतीला तळवे टेकून मोजू लागले. अकरा. बारा. तेरा.

“म्हातारी,” ते पुटपुटले.

“शेजारीच लपवलंय सगळं,” साहेब कुजबुजले. “काका, चोर सापडला.”

मागे दार करकरलं. उंबऱ्यात एक बाई उभी होती. एका हातात झाडू, दुसऱ्या हातात मालकाने दिलेली कोरी करकरीत किल्ली. तिने कुलपाकडे पाहिलं, मग या दोघांकडे.

“माझ्या खोलीचं कुलूप कुणी फोडलं?”