फुलाचा बाप

मेदेयीनच्या ऑर्किड प्रदर्शनात परीक्षक ओफेलियाबाईंनी एलादिओच्या फुलाला भिंग लावलं.

"ही मूळ जात नव्हे, संकर आहे. पाकळ्या आईच्या, पण हा खालच्या पाकळीचा गडद लाल ओठ कुणाचा? बाप कोण?"

"बाई, माझ्या पेरूच्या झाडावर, आईच्या रोपाशेजारीच आपोआप उगवलंय हो!"

"असेल. पण संकराच्या अर्जात आईबाप दोघांची नावं लागतात. नसतील तर फूल घरी न्या."

तसल्या लाल ओठाचं ऑर्किड अख्ख्या गल्लीत एकाच घरी होतं, भिंतीपलीकडच्या नोर्बेर्तोकडे. त्याच्याशी अकरा वर्षं अबोला. तरी एलादिओ मान खाली घालून प्रदर्शनातल्याच त्याच्या टेबलाशी गेला आणि अडखळत सगळं सांगितलं.

नोर्बेर्तोने मिशीवरून हात फिरवला.



"लग्नाला बोलावलं नाहीत ते नाहीत, व्याही, आता बारशाला तरी बोलवा!"