ओंडक्यांचं घर

परगावचा दगडोबा घासलेटचा डबा घेऊन आठ-दहा जणांसह अंगणात शिरला, तेव्हा रुद्रम्मा ओंडक्यांच्या घराच्या उंबऱ्यात बसून शेंगा फोडत होती. कपाळाला विभूती, गळ्यात लिंग.

"हे घर कुणाचं, आज्जी?"

निजामाचं राज्य नुकतंच गेलं होतं. रझाकारांवरचा राग आता कुठल्याही गरीब मुसलमानाच्या घरावर निघत होता. हे घर तर लाकडाचं; पेटायचा अवकाश.

"बस की, सांगते," रुद्रम्मा म्हणाली. "म्हातारा कानडी मुलखातनं आला. जंगलात लाकडं तोडायचा. दुष्काळात काम सुटलं. बायको, दोन लेकरं आन् कुऱ्हाड, येवढंच संगं. ईट गावच्या ह्या माळावर तवा चिटपाखरू न्हवतं."

"आन् दगडाच्या मुलखात लाकडाचं घर बांधलं?"

"लोक लई हसले. पण त्याला दुसरं काय येतंय? लिंबाचे, बाभळीचे ओंडके एकावर एक रचले, फटी मातीनं लिंपल्या. त्याच साली धाकटं लेकरू साप चावून गेलं. बायको म्हणाली, माघारी जाऊ. त्यो म्हणाला, लेकरू हितल्या मातीत निजलंय, आता ह्योच आपला मुलूख."

दगडोबानं डबा खाली ठेवला. "मग?"

"मग काय, हीर खणली. पाणी लागलं तशी बाकीची घरं आली. त्यानं कुणाला पाण्याला न्हाय म्हटलं न्हाय. मरंस्तवर."

दगडोबा पुढं वाकला. मग आवाज उतरवून म्हणाला, "ह्या वस्तीत मुसलमानाचं एक घर हाय म्हणत्यात. त्ये कुठलं?"

रुद्रम्माचे हात थांबले. तिनं ओढ्यापलीकडं बोट केलं. "त्ये दगडी. आत कुणी न्हाय आता."

माणसं ओढा उतरून गेली. थोड्या वेळानं धूर चढू लागला. छपराचे वासे धडाधडा कोसळले. रुद्रम्मा बराच वेळ तिकडं बघत राहिली. माणसं पार दिसेनाशी झाली, तशी ती उठली, आत गेली आणि कणगीआड तोंडात पदर कोंबून बसलेल्या बाईजवळ टेकली.

"ऊठ, ताहेराबी. तुझ्या सासऱ्याचं घर हाय तसं हाय. माझं तेवढं गेलं. आता चूल पेटव, आन् भाकरी टाकताना दोन माझ्याबी टाक."