भंगारातला स्पीकर

गणपतीत मंडळानं स्पीकरची भिंत उभारली. भक्ती कसली, नुसता माज! हृदयाचं ऑपरेशन होऊन घरी आलेल्या उल्काताई उशीत कान खुपसून पडल्या होत्या. त्यांच्या नवऱ्यानं, दिगंबररावांनी, पोलिसांना फोन करकरून बोटं झिजवली, पण कुत्रंसुद्धा फिरकलं नाही. मग तेही इरेला पेटले. याच मंडळानं गेल्या वर्षी फाडून भंगारात काढलेला स्पीकर त्यांनी जुन्या बाजारातून आणला, फाटक्या पडद्याला घरीच खळीनं कागद चिकटवला आणि भरदुपारी गॅलरीतून माईकवर गरजले, "गाढवांनो, आवाज कमी करा! घरात पेशंट आहे!"

घाम पुसेपर्यंत दारात हवालदार हजर.

"आलात एकदाचे!" दिगंबरराव हरखले.



"काका, तो स्पीकर काढा. तुमच्या आवाजाचा त्रास होतोय, अशी मंडळाची तक्रार आहे."