फळ्यावरचं नाव

बाबा शहरातल्या इस्पितळात वारले. मी त्यांना थेट आमच्या गल्लीतल्या विहारात आणलं आणि दारातल्या फळ्यावर आदरानं पूर्ण नाव लिहिलं: श्री. रिचर्ड हॉलिस. अंत्यविधीआधी रोज संध्याकाळी पठण असतं; पहिल्या संध्याकाळी भिक्षूंनी ते केलं, तेव्हा चाळीस खुर्च्यांत मी एकटी होते. तीस वर्षं ते याच गल्लीत राहिले होते. दुसऱ्या दिवशी सकाळपासून मी फाटकापर्यंत नुसत्या येरझारा घालत होते.

समोरच्या नूडल्सच्या गाडीवरून लमै मावशीनं विचारलं, “कधी आलीस गं? आणि हे कोण वारलं? कुणी बडा साहेब दिसतोय.”

“बाबा गेले, मावशी.”

तिची पळी हातातच राहिली. “आपला फरांग? मग तसं लिही ना, पोरी. परक्याच्या नावानं बोलावलंस, तर घरची माणसं येतील कशी?”

फरांग म्हणजे थाई भाषेत गोरा परदेशी. कुणी बाबांना तशी हाक मारली, की लहानपणी मी भांडायला धावायचे. बाबा मात्र हसून ओ द्यायचे.

मी फळा पुसला आणि तो शब्द पहिल्यांदाच माझ्या हातानं लिहिला.

त्या संध्याकाळी मला बसायला खुर्ची उरली नाही.